कुंडीतलं आलं : पानं भरपूर, कंद मात्र करंगळीएवढा. असं का होतं?

गच्चीवाली | २१ एप्रिल
मंडळी, हळद, गवती चहा, कढीपत्ता सगळ्यांवर इथे भरभरून लिहिलं गेलंय पण आल्यावर वेगळं काही सापडलं नाही म्हणून हा धागा. आम्ही ठाण्यात राहतो, टेरेस छोटी आहे, सकाळी साधारण अकरापर्यंत ऊन येतं. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी घरातल्या आल्याला कोंब आलेले दिसले तेव्हा एक तुकडा कुंडीत खोचला. काय वाढलं म्हणून सांगू! कमरेपर्यंत उंच, हिरवंगार, पान नुसतं चुरडलं तरी आल्याचा वास. डिसेंबरात पानं पिवळी पडायला लागली म्हणून कुंडी उलटी केली, तर लावलेला तुकडा जवळजवळ तसाच आणि त्याला चिकटून दोन-तीन बारीक बोटं, बस. एवढ्या पानांच्या खाली एवढंच?
कुंडी लहान पडली का, खत कमी पडलं का, ऊन कमी पडलं? आणि यंदा कधी लावू? बाजारातलं आलं चालतं का बेणंच आणायला हवं? ज्यांना घरी नीट आलं मिळालंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

चहाबाज | २१ एप्रिल
जागा धरून बसलोय. चहात रोज आलं लागतं त्यामुळे हा धागा माझ्यासाठी जीवनावश्यक आहे.

निवांत | २१ एप्रिल
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आलं ही कुंडीत लावायची गोष्ट नाही. आठ-नऊ महिने कुंडी अडकून राहते आणि हातात येतं ते भाजीवाल्याकडे दहा-वीस रुपयांत मिळतं. तेवढ्या जागेत मिरच्या, पालक, मेथी किती वेळा निघेल याचा हिशोब करा.

लाल_माती | २१ एप्रिल
निवांत, हिशोबाने बघायचं तर चहासुद्धा टपरीवरच प्यावा :)
गच्चीवाली ताई, तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. गणपतीच्या आधी लावलंत म्हणजे ऑगस्टच्या शेवटी. आल्याला आठ-नऊ महिने लागतात आणि थंडी पडली की ते झोपतं. म्हणजे तुमच्या झाडाला जेमतेम चार महिने मिळाले, त्यात ते फक्त पानं करू शकलं. कंद पोसायची वेळ आली आणि थंडी आली. आमच्याकडे सिंधुदुर्गात पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात लावून मोकळे होतात. मृग लागेपर्यंत कोंब जमिनीवर हवा. आज्जी अक्षय्य तृतीयेला परसात काकडी, दोडका, पडवळाची अळी करायची तेव्हाच कडेला आलं आणि हळद पुरायची, वेगळा मुहूर्त नाही.

गच्चीवाली | २२ एप्रिल
अगं बाई, म्हणजे दोष कुंडीचा नाहीच! मला वाटत होतं पावसात लावलं की सगळं रुजतं.

लाल_माती | २२ एप्रिल
रुजतं ना, रुजलंच की तुमचं. रुजणं वेगळं आणि पोसणं वेगळं.

कोरेगावकर | २२ एप्रिल
नमस्कार. आम्ही आल्याचे शेतकरी, सातारा जिल्हा. आमच्या कोरेगाव भागात आल्याला मोठा मान आहे, भावसुद्धा किलोवर बोलत नाहीत, गाडीवर बोलतात, एक गाडी म्हणजे ५०० किलो. त्यामुळे कुंडीतल्या आल्यावर बोलायला जरा गंमत वाटते पण पीक तेच आहे, नियम तेच आहेत. सवडीने लिहितो.

१५ एप्रिलपासून मे अखेरपर्यंत लागण, म्हणजे लावणी. त्यानंतर लावलं तर उत्पन्न घटतंच. बेणं जुनं पाहिजे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत काढलेलं पक्कं आलं सावलीत ठेवून दोन-अडीच महिने सुप्तावस्था संपलेलं. डोळे फुगलेले दिसतात, टोकाला पिवळसर-हिरवट बोंड येतं. असा तुकडा २५ ते ५० ग्रॅमचा घ्यायचा, त्यावर दोन तरी चांगले डोळे पाहिजेत. लोक घरात नखाएवढे तुकडे करून लावतात आणि मग म्हणतात उगवलं नाही. सुरुवातीचा महिना-दीड महिना कोंब त्या तुकड्यातल्या साठ्यावरच जगतो. तुकडा मोडला की लगेच मातीत घालू नका, एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या, जखम भरली पाहिजे. मग डोळा वर करून दीड-दोन इंच खोल. उगवायला तीन ते सहा आठवडे लागतात, तोवर उकरून बघायचं नाही आणि पाणी बेताने.

कुंडीबद्दल : आलं खोल जात नाही, आडवं पसरतं. उंच निमुळती कुंडी काही कामाची नाही, पसरट पाहिजे. फुटभर खोली बास झाली. थर्माकोलचा मासळीचा खोका, जुनं टब, रुंद ग्रो बॅग, काहीही चालतं, फक्त बुडाला भरपूर भोकं.

आता मुख्य गोष्ट. आलं जसं पोसतं तसा कंद वर येतो, उघडा पडतो. उघडा पडला की हिरवा होतो, वाढ थांबते. म्हणून भर लावायची. लावताना कुंडी काठोकाठ भरू नका, अर्धी-पाऊण भरा, आणि पुढे दर महिन्याला दोन बोटं माती-शेणखत वरून टाकत जा. ज्यांना पानं येतात आणि कंद येत नाही त्यांच्यात निम्मे लोक भर लावत नाहीत आणि निम्मे युरिया टाकतात. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो.

चहाबाज | २२ एप्रिल
कोरेगावकर दादा, हे प्रिंट काढून किचनमध्ये लावतोय.

वनस्पतीवेडी | २३ एप्रिल
सुंदर प्रतिसाद. एक भर घालते (मातीची नाही!). आपण ज्याला आलं म्हणतो ते मूळ नाही, जमिनीखालचं खोड आहे. म्हणून त्याला डोळे असतात, पेरं असतात. वर दिसतो तो दांडा म्हणजे पानांचे देठ एकमेकांत गुंडाळून झालेला, खरं खोड खालीच. हे कळलं की भर का लावायची ते आपोआप कळतं, खोडाला पुढे सरकायला अंधार आणि मोकळी माती हवी असते. आल्याला बी धरत नाही, जगभर ते तुकड्यांवरच लावतात, आणि रानात आपोआप वाढणारं आलं कुठे सापडत नाही. माणसाने हातोहात जपलेलं पीक आहे.

निवांत | २३ एप्रिल
माहिती छान आहे सगळी. पण परत विचारतो, कुंडीमागे किती मिळतं?

लाल_माती | २३ एप्रिल
जमलं तर एका पसरट टबमधून किलोच्या आसपास, नाही जमलं तर पाव किलो. पण निवांत, २०२३ च्या पावसाळ्यात आलं किलोला दोनशेच्या वर गेलं होतं तेव्हा आमच्या परसातून शेजारीपाजारी सगळे नेत होते. आणि ऑक्टोबरातलं कोवळं आलं, ज्याची साल नखाने निघते आणि टोकं गुलाबी असतात, ते तुमच्या भाजीवाल्याकडे किती वेळा दिसतं? लिंबाच्या रसात त्याचे पातळ काप टाका, मीठ घाला, दुसऱ्या दिवशी बरणी गुलाबी. पेजेबरोबर खाऊन बघा, मग हिशोब करू.

जर्सीची_सुगरण | २४ एप्रिल
इकडे न्यू जर्सीत हेच कोवळं आलं शेतकरी बाजारात चक्क डाळिंबाच्या भावाने विकतात, बेबी जिंजर म्हणून. मी घरीच करते. आमच्याकडे मे मध्यापर्यंत रात्री थंड असतात म्हणून फेब्रुवारी अखेरीस घरात ट्रेमध्ये कोंब आणायला ठेवते, फ्रिजच्या वर, तिथे ऊब असते. मेच्या शेवटी कुंड्या बाहेर, ऑक्टोबरात गारठा पडायच्या आत काढणी. पूर्ण पक्कं होत नाही पण कोवळं भरपूर मिळतं. एक अडचण सांगते, इथल्या सुपरमार्केटमधलं काही आलं कोंबच धरत नाही, कोंब येऊ नये म्हणून प्रक्रिया केलेली असते म्हणे. ऑरगॅनिक दुकानातलं घेतलं तर लगेच फुटतं.

कोरेगावकर | २४ एप्रिल
इथेही मंडईतलं धुऊन चकचकीत केलेलं, साल सोललेलं आलं बेण्याला घेऊ नये. मातीसकट असलेलं, टणक, सुरकुत्या नसलेलं, डोळे फुगलेलं बघा. आमच्याकडे जास्त माहीम जात लावतात. कोझिकोडच्या मसाला संशोधन संस्थेने काढलेल्या वरदा, महिमा, रजता या पण चांगल्या आहेत, ओळखीत कोणी शेतकरी असेल तर अर्धा किलो बेणं मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही.

कुळागर | २४ एप्रिल
गोव्यातून. सावलीबद्दल कोणी बोललंच नाही. आमच्या कुळागरात माड-पोफळीच्या खाली आलं-हळद असते, वर मिरवेल, मध्ये केळी-अननस. थेट ऊन कधी लागत नाही तरी आलं उत्तम येतं. टेरेसवर उघड्या उन्हात लावू नका, पानं करपतात.

कोरेगावकर | २४ एप्रिल
कुळागर दादा, आमच्याकडे सगळं उघड्या रानात असतं की. सावलीत दांडा लांबतो, बारीक होतो, फुटवे कमी येतात. गड्डा भरायचा तर ऊन पाहिजे.

कुळागर | २४ एप्रिल
तुमच्याकडे रानात मुळाला माती थंड आहे. टेरेसवर मे महिन्यात प्लास्टिकच्या टबाची बाजू हात लावून बघा.

वनस्पतीवेडी | २४ एप्रिल
दोघंही आपापल्या जागी बरोबर असं मला वाटतं. एप्रिल-मेमध्ये टेरेसवर दुपारची सावली द्यायची, हिरवं नेट चालेल, आणि जून-जुलैत ढग आले की उघड्यावर आणायचं. गच्चीवालीकडे अकरापर्यंत ऊन आहे ते तर उत्तमच.

कोरेगावकर | २४ एप्रिल
मी अजून उन्हावरच ठाम आहे. पण टबाच्या बाजूचं पटलं.

सांगलीची_मीरा | २६ एप्रिल
जरा वेगळा प्रश्न, आल्याच्या पानात पातोळ्या होतात का? सासूबाई म्हणतात चालतील, मला शंका आहे.

लाल_माती | २६ एप्रिल
हळदीच्या पानातल्या पातोळ्या त्या! आल्याचं पान दोन बोटं रुंद, त्यात पातोळी नाही, पातोळीचं टोक तेवढं मावेल. नागपंचमीला पातोळ्या हव्यात तर आल्याशेजारी दोन गड्डे हळदीचे पण लावा, तिची पानं तोपर्यंत तयार होतात. आल्याचं पान चहात टाका, सौम्य चव येते.

सांगलीची_मीरा | २६ एप्रिल
सासूबाईंना वाचून दाखवलं. "चहात टाकते मग" म्हणाल्या :)

चहाबाज | २७ एप्रिल
चहाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. घरचं ताजं आलं किसून दुधाच्या चहात टाकलं की कधीकधी दूध फाटतं. जुनं आलं असलं की नाही फाटत. हा काय प्रकार?

वनस्पतीवेडी | २७ एप्रिल
आल्यात झिंजिबेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, ते दुधातलं प्रथिन गोळा करतं. चीनमध्ये ग्वांगडाँग भागात तर मुद्दाम आल्याच्या रसात गरम दूध ओतून खरवसासारखा गोड पदार्थ करतात. चहात हे नको असेल तर आलं आधी पाण्यात चांगलं खळाखळा उकळायचं, उष्णतेने विकर निकामी होतं, मग दूध घालायचं. दुधात कच्चं आलं कधी किसू नये.

चहाबाज | २७ एप्रिल
इतकी वर्षं दूधवाल्याला बोलत आलो. उद्या त्याला एक आल्याचा चहा.

गच्चीवाली | ४ मे
लावलं एकदाचं! भाजीवाल्याकडून मातीवालं आलं निवडून आणलं, दोन पसरट टब, माती-शेणखत-कोकोपीट सारखं आणि मूठभर निंबोळी पेंड. टब अर्धेच भरलेत, नवरा दोनदा विचारून गेला की माती संपली का.

गच्चीवाली | ९ ऑगस्ट
धागा वर काढतेय, मदत हवीय. दोन्ही टबांत छान फुटवे होते. चार दिवसांपासून एका टबातली खालची पानं कडेने पिवळी पडत चालली आहेत, एक दांडा तर हलकेच ओढला तर हातातच आला, बुडाशी पाणी धरल्यासारखा मऊ आणि घाण वास. पाऊस थांबतच नाहीये. दुसरा टब ठणठणीत आहे. काय करू?

कोरेगावकर | ९ ऑगस्ट
कंदकुज. आल्याचा एक नंबरचा शत्रू. पिथियम बुरशी, पाणी साचलं की येतेच. आधी तो टब दुसऱ्यापासून लांब न्या, त्याचं निथळलेलं पाणी चांगल्या टबाकडे जायला नको. भोकं तपासा, बुजली असणार. कुजलेले गड्डे मातीसकट उचलून टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नाही. उरलेल्या चांगल्या दांड्यांभोवती ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) पाण्यात कालवून ओता, आणि टब छपराखाली घ्या. चांगल्या टबाला पण ट्रायकोडर्मा द्या, खरं तर लावतानाच शेणखतात मिसळून द्यायचा असतो.

वनस्पतीवेडी | ९ ऑगस्ट
घाण वास आणि मऊ बूड म्हणजे कंदकुजच वाटते, तरी एक तपासणी करून बघ. दांड्याचा बुडाकडचा तुकडा स्वच्छ कापून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात उभा धर, हलवू नकोस. काही मिनिटांत कापातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरायला लागली तर तो जिवाणूजन्य मर रोग. त्याला ट्रायकोडर्माचा उपयोग नाही, सगळा टब काढावा लागतो, आणि त्या मातीत टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा पण लावायचे नाहीत, तोच जिवाणू त्यांनाही धरतो.

गच्चीवाली | १० ऑगस्ट
ग्लासात धरलं, बराच वेळ बघत बसले, पाणी स्वच्छच राहिलं. म्हणजे कुजच. टब उलटा करून बघितला तर खालची चार भोकं कोकोपीटच्या लगद्याने गच्च. बाजूंना पण भोकं पाडली, विटांवर उचलून ठेवला. अर्धे गड्डे टाकावे लागले, बाकीचे टणक आहेत.

निवांत | १० ऑगस्ट
सगळंच कुजलं असतं तर सुंठीवाचून खोकला गेला म्हटलं असतं, पण तुमची धडपड बघून आता मलाही वाटतंय की हे वाचावं. बाजूच्या भोकांची कल्पना उत्तम, बाकी कुंड्यांना पण करतो.

लाल_माती | ११ ऑगस्ट
आमच्याकडे एवढ्या पावसात सपाट जमिनीवर आलं टिकतच नाही, गादीवाफा करूनच लावतात, वर पेंढ्याचं आच्छादन. कोकोपीट पावसाळ्यात पाणी धरून बसतं. पुढच्या वेळी कोकोपीट कमी आणि भाताचं तूस किंवा जाडसर वाळू जास्त घ्या.

सांगलीची_मीरा | १२ ऑगस्ट
कोरेगावकर काका, उटाळणी म्हणजे काय? माहेरी आल्याचं रान आहे, फोनवर भाऊ म्हणाला "उटाळणी चाललीय, नंतर बोलतो".

कोरेगावकर | १२ ऑगस्ट
लागणीनंतर अडीच-तीन महिन्यांनी लांब दांड्याच्या खुरप्याने माती हलवून मुळ्या थोड्या तोडतात, म्हणजे नवीन तंतुमुळं जोमाने फुटतात. मग लगेच खत आणि भर. पाणी त्या आधी हलकं. कुंडीत हे करायच्या भानगडीत पडू नका, जागा कमी असते, गड्ड्यालाच इजा होईल आणि इजा झाली की कुज. कुंडीवाल्यांनी नुसती भर लावावी. भाऊंना आमचा नमस्कार.

जर्सीची_सुगरण | १८ ऑक्टोबर
आमची काढणी झाली, एक टोपलीभर गुलाबी आलं. लाल_मातीच्या पद्धतीने लिंबात घातलं, बरणी खरंच गुलाबी झाली. इथल्या मैत्रिणी विचारतायत रंग कुठला घातला.

गच्चीवाली | १९ ऑक्टोबर
मला पण मोह होतोय. चांगल्या टबात माती कडेने फाकलीय, एका बाजूने फिकट टोक दिसतंय. काढू का?

कोरेगावकर | १९ ऑक्टोबर
सगळं काढू नका! पाऊस ओसरल्यावरच तर गड्डा भरायला लागतो, आता थांबलात तर दुप्पट होईल. फार वाटलं तर कडेची माती बोटाने सारून एक बोट मोडून घ्या आणि परत माती झाका, झाडाला काही होत नाही. फुलाचा दांडा येईल बघा आता, आमच्याकडे हुरडे बांडे म्हणतात त्याला. तो दिसला की जुनी वाढ संपत आली समजा. पानं पूर्ण पिवळी पडून वाळली की पाणी बंद, मग दोन-तीन आठवड्यांनी काढणी. पानं वाळली म्हणजे झाड मेलं समजून कुंडी रिकामी करणारे पण आहेत, तसं करू नका.

गच्चीवाली | २२ जानेवारी
काढलं!! चांगल्या टबातून सव्वा किलो, वाचवलेल्या टबातून पाव किलोच्या जरा वर. टब आडवा करून माती हाताने फोडत गेले तेव्हा एकमेकांत अडकलेला मोठा गड्डा निघाला, मधला मे महिन्यात लावलेला तुकडा काळपट सुरकुतलेला पण अजून टणक, आणि त्याच्या चारी बाजूंनी जाड पिवळी बोटं, पेरापेरावर खवले. धुतल्यावर घरभर वास. चव फार तिखट आहे, रोजच्यापेक्षा निम्मं टाकलं तरी चहा झणझणीत. मागच्या वर्षीच्या बारीक बोटांचं कारण मला पटलं, वेळ चुकली होती बाकी काही नाही.
आता एवढ्याचं काय करू? सुंठ होईल का घरी?

कुळागर | २२ जानेवारी
अभिनंदन! सुंठ होते पण आटते फार, पाच किलो ओल्या आल्याची जेमतेम किलोभर. तुमच्या दीड किलोची करण्यापेक्षा आल्याच्या वड्या करा, ओलं खोबरं घालून.

वनस्पतीवेडी | २२ जानेवारी
रामनवमीच्या सुंठवड्यापुरती वाटीभर करायला हरकत नाही. साल खरवडून, उभे काप करून आठ-दहा दिवस कडक उन्हात. मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे. वाळताना ओल्या आल्यातल्या जिंजेरॉलचं शोगॉल होतं, ते जास्त जहाल, म्हणून चिमूटभर सुंठ पुरते.

निवांत | २३ जानेवारी
सव्वा किलो म्हणजे माझ्या अंदाजाच्या बरंच वर आहे. मिरच्यांचा मुद्दा मी सोडलेला नाही, पण एक टब मी पण करणार. बेणं आत्ता घेऊन ठेवलं तर चालेल का एप्रिलपर्यंत?

कोरेगावकर | २३ जानेवारी
आत्ताच घ्या, आमच्याकडे काढणी सुरू आहे. गच्चीवाली ताई, तुम्ही पण चांगल्या टबातलंच बेणं ठेवा, कुज आलेल्या टबातलं खाऊन टाका, बेण्याला नको. धुवायचं नाही, माती झटकायची, जखमा सुकू द्यायच्या आणि मातीच्या मडक्यात किंवा खोक्यात कोरड्या वाळूचा थर, आल्याचा थर, परत वाळू असं करून सावलीत ठेवायचं. फ्रिजमध्ये नाही, झाकण गच्च नाही. महिन्यातून एकदा उघडून बघा, एखादा मऊ पडला तर काढून टाका. एप्रिलच्या सुमारास डोळे आपोआप फुगतात.

गच्चीवाली | २३ जानेवारी
धुऊन टाकलं होतं ना सगळं, पण सुदैवाने एक गड्डा मीराच्या सासूबाईंना द्यायचा म्हणून मातीसकट बाजूला ठेवला होता. तोच वाळूत जातोय, मीरा, तुला वड्या पाठवते.

सांगलीची_मीरा | २३ जानेवारी
वड्या चालतील! बेणं भावाकडून घेते. निवांत, तुम्हाला पण हवं तर सांगा, पुढच्या आठवड्यात माहेरी चाललेय.

निवांत | २४ जानेवारी
हवंय. अर्धा किलो. विपूत (विचारपुशीत) पत्ता देतो.